17 सह्या आणि 16 चा आकडा

गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याच्या याचिकेवर सह्या गोळा करायच्या तर समोरच्याला आधी काउंटी, म्हणजे जिल्हा, विचारायची, हे मला 2023 च्या मार्चपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही राहतो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डब्लिनला. हे गाव फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन अशा तीन काउंट्यांत पसरलंय, आणि याचिकेची एक पुस्तिका एकाच काउंटीची. चुकीच्या पुस्तिकेत सही पडली की ती बाद. म्हणून माझ्या पिशवीत कायम तीन पुस्तिका आणि मूठभर पेनं. पेन्सिल चालत नाही.

आधीचं थोडक्यात सांगते. गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसली, म्हणजे साधारण सहा आठवडे झाले, की गर्भपाताला बंदी असा कायदा ओहायोचे गव्हर्नर डिवाइन यांनी 2019 मध्ये सही करून मंजूर केला होता. 24 जून 2022 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशभरातला घटनात्मक हक्क रद्द केला आणि त्याच दिवशी हा कायदा लागू झाला. सप्टेंबरात ओहायोतल्या एका कोर्टाने स्थगिती दिली, पण स्थगितीचा भरवसा किती? मी आमदारांच्या ऑफिसला फोन करत असे. पलीकडचा मुलगा माझा पिनकोड लिहून घ्यायचा, आभार मानायचा. बस. मग कळलं की ओहायोत 1912 पासून लोकांना सह्या जमवून राज्यघटनेत दुरुस्ती थेट मतदानाला ठेवता येते. लागणार होत्या 4 लाख 13 हजारांहून जास्त सह्या, आणि जेमतेम साडेतीन महिने.

पाडव्याच्या कार्यक्रमात टेबल लावू द्या म्हटलं तर मंडळाने नम्रपणे नाही सांगितलं, म्हणून मी पार्किंगमध्ये उभी राहिले. एक काकू पंधरा मिनिटं वाद घालत होत्या. "आपल्याकडे एवढ्या मुली पाडल्या, त्यालाच मोकळीक द्यायची का गं?" प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, काकू, महाराष्ट्राने 1988 मध्ये बंदी आणली ती लिंग तपासण्यावर. 1971 चा गर्भपाताचा कायदा तसाच ठेवला. तो कायदा ज्या समितीच्या अहवालातून निघाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच मंत्री होते. काकू शेवटी पटल्या, पेनही घेतलं, आणि मग निघालं की त्या ग्रीन कार्डवर, म्हणजे नागरिक नाहीतच! सही फक्त नोंदणी झालेल्या मतदाराची चालते. त्या दिवशी अर्धं पार्किंग एच-वनवर होतं. दोन तासांत चार सह्या.

शेतकरी बाजारात मात्र हात दुखेपर्यंत काम झालं. प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, पत्ता मतदार यादीतलाच हवा, नवऱ्याने बायकोची सही केलेली चालत नाही (प्रयत्न बरेच जण करतात). आणि शेवटी मागच्या पानावर मी लिहून द्यायचं की इतक्या सह्या मी स्वतः पाहिल्या. तिथे लिहिलेला आकडा जास्त असला तर चालतो. कमी असला तर अख्खी पुस्तिका बाद.

मेच्या अखेरीस, पावसात, एका पुस्तिकेवर मी 16 लिहिलं. आत 17 होत्या. पुस्तिका जमा झाल्यावर रात्री घरी माझ्या वहीत हिशोब जुळेना तेव्हा लक्षात आलं. त्यातली एक सही वॉकर टेकत आलेल्या आजींची होती, त्यांना नाव लिहायलाच पाच मिनिटं लागली होती. मी कुणाला सांगितलं नाही.

5 जुलैला 7 लाखांहून जास्त सह्या दाखल झाल्या. 4,95,938 वैध ठरल्या.

मध्येच विधिमंडळाने 8 ऑगस्टला वेगळं मतदान लावलं होतं: यापुढे घटनादुरुस्तीला 60 टक्के मतं हवीत. त्या प्रस्तावाचं नाव इश्यू वन, आणि नोव्हेंबरच्या आमच्या प्रस्तावाचंही इश्यू वन. ऑगस्टमध्ये दारोदार जाऊन "नाही म्हणा", नोव्हेंबरात त्याच दारांवर "हो म्हणा". एक गुजराती शेजारी वैतागून म्हणाले, "बहन, एक बार तय कर लो." त्यात मतपत्रिकेवरच्या सारांशात 'गर्भ' ऐवजी 'न जन्मलेलं मूल' असे शब्द आले. कोर्टात जाऊनही ते राहिलेच.

7 नोव्हेंबरला आमच्या बाजूने 57 टक्क्यांच्या किंचित आत मतं पडली. ऑगस्टची अट मंजूर झाली असती तर एवढी मतं मिळूनही आम्ही हरलो असतो.

भारतात तेव्हा सकाळ होती. आई जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये सिस्टर होती, तिचं आयुष्य रजिस्टरं भरण्यात गेलं. या सगळ्यावर तिचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "त्यात मतदान कशाला? बाईची फॉर्म सीवर सही घ्यायची." फॉर्म सी म्हणजे भारतातला गर्भपाताच्या संमतीचा कागद. तिच्या त्या 1971 च्या कायद्यात बाईच्या सहीइतकंच डॉक्टरचं मतही लागतं, हे ती सोयीने विसरते. त्या सकाळी मी तिला 17 सह्यांचं सांगून टाकलं.

"मोजून लिहायचं ना गं," आई म्हणाली. "दोनदा मोजायचं."