पांढऱ्या उंदरात दडलेला काळा रंग

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलने, कवायतीचे मैदान आणि मधल्या सुटीतली बोरे-चिंचा यांविषयी लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ असतील, हे गृहीत धरून मी उंदरांविषयी लिहायचे ठरवले. गेली कित्येक वर्षे एका संशोधन संस्थेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उंदरांचे निरनिराळे वंश शुद्ध राखण्याचे काम मी करते आहे, आणि या कामाचे मूळ ज्या खोलीत आहे ती खोली आपल्या शाळेच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेला लागून होती. १९७९ च्या आगेमागे शिकलेल्यांना ती तिच्या वासामुळे आठवेल.

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी तिथे लाकडी खोक्यांना जाळी ठोकून पांढरे उंदीर पाळले होते. खाली भुसा, कोपऱ्यात उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि खोक्यावर खडूने लिहिलेली तारीख, एवढाच सरंजाम. प्रयोगशाळेतला उंदीर उष्मा सोसत नाही. नरांची प्रजननक्षमता घटते आणि माद्यांची वेते लहान होतात. त्यामुळे एप्रिल लागला की बाई सगळी खोकी रिक्षात घालून नागपुरातल्या धंतोलीतल्या आपल्या घरी नेत, आणि त्यांच्या घरातल्या एकुलत्या एका कूलरची हवा आधी उंदरांना मिळे, अशी कुजबुज आम्ही ऐकली होती. आज कोणत्याही शाळेला असे प्रयोग परस्पर करता येणार नाहीत. त्यासाठी नोंदणी आणि समितीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

वाटाण्यावरचे मेंडेलचे नियम पाठ्यपुस्तकात होतेच. पण वाटाणा आम्ही भाजीत पाहिलेला. बाईंनी पहिल्यांदा आम्हाला केस दाखवला. धान्याच्या कोठीत पिंजरा लावून पकडलेल्या घरातल्या करड्या उंदराच्या पाठीचा एक केस त्यांनी काचपट्टीवर ठेवला आणि एकेकाला सूक्ष्मदर्शकाशी बोलावले. दुरून करडा दिसणारा तो केस मुळात करडा नव्हताच. बुडाशी तो काळसर होता, टोकाच्या थोडा अलीकडे पिवळा पट्टा होता आणि अगदी टोकाशी पुन्हा काळा होता. हजारो केसांचे असे पट्टे शेजारीशेजारी आले म्हणजे डोळ्याला मातकट करडा रंग दिसतो. या नमुन्याला शास्त्रात ‘अगूटी’ म्हणतात आणि रानातल्या, घरातल्या उंदरांचा तो मूळ रंग आहे.

केस वाढत असताना त्याच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी काळे रंगद्रव्य बनवत असतात. मध्येच काही काळ अगूटी जनुकाचे प्रथिन तिथे पाझरते, रंगपेशींवरचा एक ग्राही रेणू अडवून धरते, आणि तेवढ्या काळापुरते काळ्याऐवजी पिवळे रंगद्रव्य बनते. ते पाझरणे थांबले की पुन्हा काळे सुरू होते. हे जनुक निकामी झाले तर पट्टा पडतच नाही आणि उंदीर सबंध काळा होतो. म्हणजे काळा उंदीर हा करड्या उंदरापेक्षा काहीतरी जास्त असलेला नसून त्याच्याजवळ काहीतरी कमी असलेला आहे. हे सारे आण्विक स्पष्टीकरण अर्थातच पुढच्या काळातले. अगूटी जनुक वेगळे काढण्यात यश आले ते १९९२ मध्ये. शाळेत आमच्या हाती फक्त केस आणि पिल्ले होती.

बाईंनी त्या करड्या नराला एक पांढरी मादी दिली. नर कमालीचा बुजरा आणि चावरा होता, त्यामुळे बरेच दिवस काहीच घडले नाही. नंतर मात्र वेत आले. उंदराची पिल्ले साधारण वीस दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मतात, तेव्हा ती उघडी, लालसर आणि मिटल्या डोळ्यांची असतात. केस यायला आठवडाभर लागतो, पण पांढरे कोण आणि रंगीत कोण हे पहिल्याच दिवशी सांगता येते, कारण रंगीत पिल्लांच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळांचे काळे ठिपके दिसतात आणि पांढऱ्यांच्या पापण्यांखाली काहीच दिसत नाही. आमच्या वेतात सगळ्यांचे ठिपके काळे होते. पिल्ले मोठी झाली ती सगळी करडी. इथवर पुस्तकाप्रमाणे झाले: करडा प्रभावी, पांढरा अप्रभावी. नातवंडांच्या पिढीत तीन करड्यांमागे एक पांढरे यावे, ही आमची अपेक्षा होती, कारण पुस्तकात उंच आणि बुटक्या वाटाण्यांचे तसेच लिहिले होते.

नातवंडांत करडी आली, पांढरी आली, आणि चक्क काळीही आली. आजोबा करडा, आजी पांढरी, आईबाप दोघेही करडे. मग काळे आले कुठून? आमच्यापैकी बहुतेकांनी रात्री बाहेरचा उंदीर शिरला असावा, असे ठामपणे सांगितले. बाईंनी कोणालाही खोडून काढले नाही. फळ्यावर सोळा घरांचा चौकोन आखला आणि वेगवेगळ्या वेतांतल्या पिल्लांची बेरीज करायला लावली. ती नऊ, तीन, चार या प्रमाणाच्या जवळ जात होती: सोळांपैकी नऊ करडी, तीन काळी आणि चार पांढरी.

काळा रंग आणला होता तो पांढऱ्या आजीने. पांढऱ्या उंदराला रंगाची जनुके नसतात असे नाही. ती सगळी असतात, पण टायरोसिनेज हे रंगद्रव्य बनवण्यास लागणारे विकर (एन्झाइम) तयार करणारे जनुक बिघडलेले असल्यामुळे त्यांतले एकही प्रकट होत नाही. घराचा मेन स्विच बंद असताना कोणत्या खोलीत कोणत्या रंगाचा दिवा आहे हे कळू नये, तसा हा प्रकार. टायरोसिनेज नसले की काळे रंगद्रव्यही बनत नाही आणि पिवळेही नाही. मग अगूटी जनुक चांगले आहे की निकामी, हा प्रश्न दिसण्यापुरता उरतच नाही. आमची पांढरी आजी मुळात काळी होती, फक्त तिला काळे होता येत नव्हते. विदर्भात सिकलसेलमुळे ‘एएस पॅटर्न’ (दोष वाहून नेणारा) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रोगी) हे शब्द आज खेडोपाडी ठाऊक आहेत, त्यामुळे स्वतः निरोगी असलेला माणूस दोष वाहून नेऊ शकतो हे समजावणे आता सोपे झाले आहे. एक जनुक दुसऱ्याला झाकून टाकते, ही गोष्ट मात्र अजूनही विद्यार्थ्यांना अवघड जाते, आणि ती समजावताना मी आजही तोच सोळा घरांचा चौकोन काढते.

फार पुढे मला कळले की बाईंनी जो संकर आम्हाला दाखवला तशाच संकराने सस्तन प्राण्यांच्या अनुवंशशास्त्राची सुरुवात झाली होती. फ्रान्समधील नान्सी येथे ल्युसिएँ क्युएनो यांनी करड्या आणि पांढऱ्या उंदरांचे संकर करून १९०२ मध्ये दाखवून दिले की मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. त्यांना न सुटलेले कोडे मला त्यांच्या यशापेक्षा अधिक मोलाचे वाटते. त्यांच्याजवळ पिवळे उंदीर होते, आणि काही केल्या शुद्ध पिवळा वंश तयार होईना. पिवळ्याला पिवळा दिला तरी प्रत्येक वेळी काही पिल्ले दुसऱ्या रंगाची निघत, आणि प्रमाण तीनास एक न येता दोनास एकच्या आसपास येई. दोन पिवळी जनुके एकत्र येतच नसावीत, असा तर्क क्युएनो यांनी केला. १९१० मध्ये अमेरिकेत विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी खुलासा केला की ती एकत्र येतात, पण तसा गर्भ जन्माआधीच मरतो. चारांतला एक कमी होता, म्हणून तीनास एकचे दोनास एक झाले होते. जन्माला न आलेल्या पिल्लांना हिशेबात धरल्यावरच तो हिशेब जुळला. मला वाटते, उंदराच्या रंगांचा सगळा अभ्यास या एका सवयीवर उभा आहे: दिसले ते मोजायचे आणि दिसले नाही त्याचा जाब विचारायचा.

पिवळ्या उंदराची गोष्ट तिथेही संपली नाही. हे उंदीर लठ्ठ होतात आणि त्यांना मधुमेहासारखा विकार जडतो. कारण हाती आले ते जनुक वाचता आल्यावर. या उत्परिवर्तनात गुणसूत्राचा एक तुकडा गळाला आहे, आणि त्यामुळे एरवी त्वचेत थोडा वेळ काम करणारे अगूटी जनुक शेजारच्या जनुकाच्या ताब्यात जाऊन शरीरभर, अष्टौप्रहर चालू राहते. शेजारची जनुके त्यात नष्ट होतात, आणि दोन्ही बाजूंनी ती नष्ट झाली की गर्भ जगत नाही, असे मानले जाते. त्वचेत अगूटी प्रथिन रंगपेशींना अडवते तसेच ते मेंदूत भुकेला आवर घालणाऱ्या एका ग्राही रेणूला अडवते, आणि उंदीर खातच सुटतो. माणसांतही त्याच ग्राही रेणूचे जनुक बिघडले की लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा येतो; या मार्गावर काम करणाऱ्या एका औषधाला काही दुर्मिळ जनुकीय लठ्ठपणांसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हौशी लोकांनी शोभेसाठी जपलेल्या पिवळ्या उंदरापासून वैद्यक इथवर पोचले.

पिवळ्याचाच एक जगणारा भाऊबंद आहे. त्याच्या अगूटी जनुकाजवळ विषाणूसदृश डीएनएचा एक तुकडा येऊन बसला आहे. तो तुकडा जागा असला तर उंदीर पिवळा, झाकलेला असला तर तपकिरी, आणि अर्धवट असला तर चट्ट्यापट्ट्यांचा. डीएनएचा क्रम मात्र सगळ्यांत सारखाच. २००३ मध्ये वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण माद्यांना फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन आणि बीटेन यांची जोड असलेले खाद्य दिले, तेव्हा त्यांच्या पिल्लांत तपकिरीकडे झुकणाऱ्यांचे प्रमाण वाढले. यावरून गर्भवतीच्या आहाराविषयी जे अतिरंजित दावे केले गेले त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण हे एका विशिष्ट तुकड्याचे वागणे आहे. प्रयोग मात्र अस्सल आहे.

टायरोसिनेजचेच आणखी एक रूप नागपूरकरांना विशेष रुचेल. ‘हिमालयन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंदरात हे विकर शरीराच्या गरम भागात चालत नाही, थंड भागात चालते; म्हणून अंग फिकट आणि नाक, कान, पाय व शेपूट गडद. आपल्या मे महिन्यात असा उंदीर कूलरविना ठेवला तर त्याचे नाकही काळे होणे कठीण.

पांढऱ्या डागांचे प्रकरण वेगळे आहे. तिथे विकर शाबूत असते, पण रंगपेशीच जागेवर पोचलेल्या नसतात. या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ उगम पावतात आणि तिथून अंगभर पसरतात. वाटेत त्या कमी पडल्या तर पाठीपासून दूरचे भाग, म्हणजे पोट, पंजे आणि शेपटीचे टोक, पांढरे राहतात. त्याच उगमातून आतड्याच्या चेतापेशीही निघतात, म्हणून ‘पायबाल्ड’ म्हणजे पांढऱ्या डागांच्या उंदराला डागांबरोबर मोठ्या आतड्याचा विकार होतो, आणि माणसाच्या हर्षस्प्रुंग या आतड्याच्या जन्मजात रोगाचे एक जनुक याच वाटेने ओळखू आले. दुसऱ्या एका डागाळ उंदराला रक्तक्षय होतो, कारण त्याचे बिघडलेले जनुक रंगपेशींना लागते तसेच रक्ताच्या मूळपेशींनाही लागते.

याच क्षेत्रातले एक नाव आपल्या देशाशी जोडलेले आहे. ब्रिटिश अनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह पांढरेपणा आणि रंग फिका करून डोळे गुलाबी करणारे एक वेगळेच लक्षण ही दोन उंदरात एकत्र वारशाने येतात, असे १९१५ मध्ये दाखवले. सस्तन प्राण्यांतील जनुकीय सहलग्नतेचे ते अगदी सुरुवातीचे उदाहरण. निबंध छापला गेला तेव्हा महायुद्ध सुरू होते आणि स्प्रंट त्या युद्धात मारले गेले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

आता माझ्या रोजच्या कामाविषयी. आमच्याकडे ‘सी५७ ब्लॅक ६’ हा काळा वंश आहे, ज्याची सुरुवात लिटल यांनी १९२१ मध्ये केली. त्याच्या पिंजऱ्यात एक जरी करडे पिल्लू निघाले तर सकाळी भुसा बदलणारा मदतनीससुद्धा ओरडून सांगतो की कुठेतरी सरमिसळ झाली, कारण काळ्याला काळा दिल्यावर करडे येऊच शकत नाही. पांढऱ्या वंशांची तशी सोय नाही. ‘बाल्ब-सी’ आणि ‘एकेआर’ हे दोन्ही पांढरे, दोघांचेही डोळे गुलाबी, आणि त्यांचा आपसात संकर झाला तर पिल्लेही सगळी पांढरीच. चुकून एकाच्या पिंजऱ्यात दुसरा गेला तरी रंग काही सांगत नाही. आता शेपटीच्या किंवा कानाच्या कणभर तुकड्यावरून डीएनए तपासता येतो आणि आम्ही तो तपासतोच. परंतु नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी जुनी रीत कागदावर करायला लावते. दोन्ही पांढऱ्यांना एकेक काळा ब्लॅक ६ जोडीदार द्यायचा आणि थांबायचे. बाल्ब-सीची सगळी पिल्ले करडी होतात, कारण त्याच्या पांढऱ्या अंगात अगूटी जनुक धडधाकट आहे. एकेआरची सगळी काळी होतात.