‘एनसीएल नॉट प्रॉपर’

इंजिनिअरिंग प्रवेशाचा हंगाम जून-जुलैचा, असं लोक धरून चालतात. सुविधा केंद्रावर कागद तपासणाऱ्याला मात्र 31 मार्चपासूनच तो दिसायला लागतो. मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं हे सांगणारा राज्याचा नॉन-क्रिमीलेअर (एनसीएल) दाखला एका वर्षाचा असो की तीन वर्षांचा, त्याची मुदत 31 मार्चलाच संपते. कॅपला, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारा दाखला लागतो. 2025-26 च्या प्रवेशाला ती तारीख 31 मार्च 2026 होती. एप्रिल-मे ही तो काढायची खरी वेळ, आणि नेमकी तेव्हाच पोरं सीईटीच्या अभ्यासात बुडालेली असतात. यंदाही एप्रिल आला आणि गेल्या जुलैतली एक फाईल पुन्हा डोक्यात घोळू लागली.

ई-स्क्रुटिनीत, म्हणजे अर्जांच्या ऑनलाइन तपासणीत, दिवसभर कागदाला कागद जुळवायचा असतो. दहावीची गुणपत्रिका एका खिडकीत उघडी ठेवायची, बाकीचे कागद दुसऱ्या खिडकीत एकेक आणायचे. नावाला दहावीचा कागद प्रमाण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘भारतीय’ शब्द आहे का ते पाहायचं. नसेल तर राष्ट्रीयत्वाचा वेगळा पुरावा. मग जात प्रमाणपत्र, जात वैधता (जात पडताळणीनंतर मिळणारी व्हॅलिडिटी), नॉन-क्रिमीलेअर, याच क्रमाने. वैधता विद्यार्थ्याची स्वतःचीच लागते. वडिलांची व्हॅलिडिटी स्वतःची मिळवायला उपयोगी पडते, प्रवेशाला चालत नाही. हे सांगून सांगून तोंड दुखतं, तरी रोज दोन-तीन पालक वडिलांचीच घेऊन येतात. सरावलेल्या माणसाला साध्या फाईलला दहा मिनिटं पुरतात. आमच्यातले काही जण तीन मिनिटांत उडवतात आणि वर दिवसाचा आकडा सांगत फिरतात. त्यांच्या हातून गेलेल्या चुका पुढे ग्रीव्हन्सच्या, म्हणजे तक्रारींच्या, दिवसांत आमच्याच टेबलावर येतात.

त्या मुलीच्या अर्जात प्रवर्ग होता ओबीसी. जात प्रमाणपत्रावर धनगर, भटक्या जमाती (क), म्हणजे एनटी-सी. वैधतेवरही तेच. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर मात्र ‘इतर मागासवर्ग’. दाखला ताजा, त्याच एप्रिलचा, डिजिटल सही असलेला, बारकोडही बरोबर. फक्त ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ ही ओळ कुठेच नाही.

तो केंद्र सरकारचा दाखला होता, राज्याचा नव्हे. दोन्ही दाखले प्रांत कार्यालयातूनच निघतात, दिसायलाही भाऊ-भाऊ, म्हणून घोटाळा होतो. केंद्राच्या नमुन्यात कार्मिक विभागाच्या 8 सप्टेंबर 1993 च्या ज्ञापनाचा उल्लेख असतो, क्रमांक 36012/22/93, आणि मुदत छापलेली नसते. आयआयटी-एनआयटीवाले मुदत पाहतच नाहीत, दाखला त्या वर्षीच्या 1 एप्रिलचा किंवा त्यानंतरचा आहे का एवढंच पाहतात. राज्य काढल्याची तारीख पाहत नाही, संपायची तारीख पाहतं. केंद्राकडे विमुक्त, भटके, विशेष मागास असे वेगळे कप्पेही नाहीत. आपल्याकडचा एनटी-सी तिथे ओबीसी होतो. त्यामुळे केंद्राचा कागद समोर ठेवून राज्याचा अर्ज भरला, की प्रवर्गही चुकतो.

तिचं नेमकं हेच झालं होतं. जेईईच्या क्लासमध्ये सांगितलं होतं, ‘1 एप्रिलनंतरचा काढा.’ तिने पहिल्याच आठवड्यात सेतूत, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या सेवा केंद्रात, अर्ज टाकला. सेतूवाल्याने केंद्राचा फॉर्म भरला, तोही बरोबरच, कारण तिने मागितलं तेच. राज्याचाही लागेल हे तिला कोणी सांगितलं नाही. वास्तविक तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले, वडिलांचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड हा गठ्ठा दोन्हीकडे जवळपास तोच. त्याच दिवशी दुसरा अर्ज टाकला असता तर प्रश्नच उरला नसता.

आता माझा भाग. मी अर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवला, आणि रिमार्कच्या चौकटीत लिहिलं, ‘एनसीएल नॉट प्रॉपर’. आम्ही सगळे हेच लिहितो. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला, तोच दाखला, फक्त स्कॅन जास्त स्वच्छ. मी पुन्हा तोच रिमार्क टाकला. तिसऱ्या वेळी तोच दाखला रंगीत स्कॅनने आला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की पोरगी ‘प्रॉपर’चा अर्थ ‘नीट दिसत नाही’ असा लावून दर वेळी जास्त खर्च करून स्कॅन करून आणतेय. नोंदणीचे दोन दिवस उरले होते.

फोन लावला. वडिलांनी उचलला. मी सांगितल्यावर ते म्हणाले, “साहेब, मग ओबीसीच राहू द्या की. तिकडं एकोणीस टक्के जागा, एनटी-सीला साडेतीन.” हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि हिशोब म्हणून चुकीचा नाही. पण प्रवर्ग निवडायचा नसतो, वैधतेवर जो आहे तोच भरायचा. ओबीसी म्हणून अर्ज पुढे गेला असता, तर कॉलेजात मूळ कागद तपासताना मिळालेली जागाच गेली असती.

वाट एकच होती. सेतूत राज्याच्या दाखल्याचा अर्ज टाकायचा, त्याची पावती अपलोड करायची, प्रवर्ग बदलून एनटी-सी करायचा. पावतीवर तेव्हा अर्ज कन्फर्म व्हायचा, पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत आला नाही तर उमेदवार आपोआप खुल्या प्रवर्गात जायचा. जुलैत प्रांत कार्यालयात याच दाखल्यांचे ढीग असतात, त्यात कुणी रजेवर गेलं की संपलंच. तिचा दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी आला.

त्यानंतर मी रिमार्क लिहायची पद्धत बदलली. त्या हंगामात मग असं लिहू लागलो: ‘हा केंद्र शासनाचा दाखला आहे. कॅपसाठी महाराष्ट्र शासनाचा, 31 मार्च 2026 पर्यंत वैध असलेला लागेल. नसेल तर आजच सेतूत अर्ज करून त्याची पावती जोडा.’ टाइप करायला अर्धं मिनिट जास्त लागायचं. शेजारच्या टेबलावरून टोमणा आला, “निबंध लिहिताय का?”

हंगाम संपल्यावर एका दुपारी माझेच जुने रिव्हर्ट चाळले. ‘नॉट प्रॉपर’ लिहून परत पाठवलेले सात अर्ज राज्याच्या दाखल्यासह पुन्हा कधी आले नव्हते. तिघांचा पुढे पत्ताच नाही. चौघांनी अर्जाच्या फीचा फरक भरून खुल्या प्रवर्गातून अर्ज कन्फर्म केला होता. त्यांना राज्याचा दाखला वेळेत मिळण्यासारखा नव्हता, की तो हवा आहे हेच माझ्या तीन शब्दांतून कळलं नव्हतं, ते फाईलवरून सांगता येत नाही.