पल्सर २२०: तेल तापतं आणि बॅटरी मरते

मे महिन्यात सोलापुरात विजापूर रोडवर सिग्नलला पल्सर २२० बंद पडते. बटण दाबलं की नुसतं 'टक्' आणि मीटरचे दिवे मंद. मालक म्हणतो बॅटरी गेली. नवी बसवतो, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. बॅटरी गेलेली असतेच, पण तिला मारलं कुणी हे कुणी बघत नाही. दहा-बारा वर्षं चाललेल्या २२० मध्ये पुष्कळदा त्याची सुरुवात पुढच्या चाकामागे, धुळीने माखलेल्या ऑइल कूलरपाशी झालेली असते.

या इंजिनाला पाणी नाही, पंखाही नाही. सिलिंडरच्या पात्यांना लागणारी हवा आणि कूलरमधून फिरणारं तेल, एवढ्यावरच ते थंड राहतं. गाडी उभी राहिली की हवा थांबते, आणि ४२-४३ अंशांच्या दुपारी कूलरला मिळणारी हवाच मुळात तापलेली असते. तेच तेल डाव्या बाजूच्या मॅग्नेटोच्या, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कव्हरमध्येही उडत असतं. तिथली कॉइल प्लेट, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे असलेली चकती, वर्षानुवर्षं जास्त तापलेल्या तेलात राहिली की तांब्याच्या तारेवरचं वार्निश कडक होतं, तडकतं, वेढे एकमेकांना चिकटतात. चार्जिंग एकदम थांबत नाही, हळूहळू कमी होतं. बॅटरी रोज थोडी अर्धपोटी राहते. वरून उन्हाची उष्णता तिचं पाणी उडवते आणि प्लेटा खाते. २२० ला किक नाही, त्यामुळे हे सगळं एके दिवशी अचानक झाल्यासारखं वाटतं.

म्हणून आधी कूलर बघा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, बंद करा आणि कूलरच्या दोन्ही पाइपांवर ओलं फडकं टेकवून अंदाज घ्या. उघड्या बोटाने नको, कातडी जाईल. एका पाइपातून गरम तेल येतं, दुसऱ्यातून परत जातं. परतीचा पाइप जाणवण्याइतका कमी गरम असेल तर कूलर काम करतोय. दोन्ही सारखेच चटके देत असतील तर तेल फिरतंय पण जाळीतून हवा जात नाही. इंजिन तापलंय आणि कूलर मात्र कोमट, असं असेल तर मामला गंभीर आहे: तेल कमी आहे, फिल्टर गच्च झालाय, पंप झिजलाय किंवा वाट कुठेतरी तुंबलीय. अशा वेळी गाडी आणखी चालवून बघू नका.

जाळी तुंबण्याची सोलापूरची स्वतःची कारणं आहेत. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून रोज जाणाऱ्या गाडीच्या जाळीत कापसाचे बारीक तंतू अडकतात. खळ्यांच्या दिवसांत ज्वारीचा भुसा, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागचं पाचट. नुसती धूळ हवेने उडते, पण बोल्टपाशी तेल पाझरत असेल तर त्यावर हे सगळं लापशीसारखं बसतं. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर समोरून मारला की मऊ ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि जाळी कायमची बुजते. इंजिन गार असताना रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने घासा, दहा मिनिटं थांबा, साबणाचं पाणी लावा, मग साध्या नळीने मागून पुढे धुवा. वाकलेली पाती बांबूच्या पातळ काडीने सरळ होतात. स्क्रू ड्रायव्हर नको, आतली नळी फुटते. आणि कूलरसमोर लावलेली ती शोभेची जाळी किंवा मंडळाच्या नावाची पाटी? काढा. हवा तिथूनच आत येते.

पाझर बहुधा बँजो बोल्टपाशी, म्हणजे तेलाचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशर एकदा दाबले गेले की परत नीट बसत नाहीत. बोल्ट सैल केला की नवे टाकायचे. जुन्या वॉशरवर बोल्ट आणखी आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग दहा रुपयांचं काम खराद्याकडे जातं. गळती नेमकी कुठून हे कळत नसेल तर भाग पेट्रोलने पुसून कोरडा करा, टाल्कम पावडर फुंका आणि पाच मिनिटं इंजिन चालवा. जिथे पावडर पहिल्यांदा काळी पडते तिथून गळतंय.

तेलाबद्दल दोनच गोष्टी. उजव्या बाजूच्या काचेतली पातळी गाडी स्टँडवर कलती असताना बघणं व्यर्थ आहे; कुणाला तरी गाडी सपाट जागी सरळ धरायला सांगा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग बघा. तेल बदलताना एक लिटरची एक बाटली ओतून गाडी परत देणारे पुष्कळ आहेत. या इंजिनाला त्याहून जास्त लागतं. काचेतल्या दोन खुणांच्या मध्ये पातळी येईपर्यंत भरा. कूलर आणि फिल्टर रिकामे झाले असतील तर पहिल्यांदा इंजिन चालवल्यावर पातळी उतरते, म्हणून परत बघून भरा. दुसरी गोष्ट, डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं असलं पाहिजे. कारचं तेल घातलं तर याच तेलात बुडालेला क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच स्वतःच तेल तापवतो.

एक कारण हमखास राहून जातं. डीटीएस-आय म्हणजे दोन प्लग. एक मेला तरी गाडी चालते, फक्त पिकअप जरा मेलेला आणि ॲव्हरेज कमी. आग एकाच बाजूने पसरते, जळण लांबतं, उष्णता सायलेन्सरच्या तोंडाशी जाते. मालक म्हणतो गाडी तापते, मेकॅनिक कूलर साफ करून देतो, आणि ती तापतच राहते. आयडलवर एकेका प्लगचं कनेक्शन बंद केल्यावर आवाजात फरक पडला पाहिजे. काढलेली प्लगची कॅप मोकळी लोंबकळत ठेवू नका. त्यात जादा प्लग घालून तो इंजिनाला टेकवा, नाहीतर ठिणगीची कॉइल किंवा सीडीआय, म्हणजे ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जायचा.

आता बॅटरी. दोन-तीनशे रुपयांच्या साध्या डिजिटल मल्टिमीटरवर बहुतेक निदान होतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली रिकामी. मग सेल्फ मारताना बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरीच गेली. १०.५ च्या वर राहूनही सेल्फ रडत असेल तर वायरिंगकडे या: मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूवर, आणि बटण दाबा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, परत आवळा. जुन्या गाड्यांत नव्या बॅटरीइतकाच फरक यानेही पडतो, आणि खर्च शून्य.

शेवटी चार्जिंग. ४००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेलं तर मॅग्नेटोची एसी वीज डीसी करून व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट, गेलं. ते बॅटरी उकळवतं आणि हेडलाइटचे बल्बही उडवतं. १३.२ च्या खाली असेल तर आरआर युनिटवर लगेच पैसे घालू नका. आधी त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून बघा. पिना तपकिरी आणि प्लास्टिक वितळलेलं असेल तर दोष तिथेच आहे. नसेल तर कॉइल प्लेटकडून येणाऱ्या एकाच रंगाच्या वायरींमध्ये जोडीजोडीने एसी व्होल्ट मोजा. रेस वाढवली की सगळ्या जोड्यांत आकडा सारखा वाढला पाहिजे. एका जोडीत कमी, किंवा इंजिन बंद करून मीटर बीपवर लावल्यावर कुठल्याही वायरीपासून इंजिनापर्यंत बीप आली, तर कॉइल प्लेट संपली. ही मोजणी गार आणि पूर्ण तापलेल्या, अशा दोन्ही इंजिनांवर करा. तडकलेलं वार्निश गार असताना ठीक दाखवतं आणि तापल्यावर सोडून देतं. 'सकाळी ठीक, दुपारी गडबड' ही तक्रार इथूनच येते.

चार्जिंग बरोबर, तरी चार दिवस उभी राहिली की डाऊन? चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढा आणि मध्ये मीटर अँपिअरवर लावा. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस ५० मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ९ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी आठवडाभरात रिकामी.

बॅटरी पूर्ण बसली असेल तर ढकलून उपयोग होत नाही. इग्निशन बॅटरीवर आहे, ठिणगीच पडत नाही. बाहेर चार्जिंगला देताना अँपिअर विचारा. ट्रकच्या बॅटऱ्यांच्या रांगेत तिला ८-१० अँपिअरवर लावलं तर दोन तासांत ती फुगते. ९ अँपिअर-अवरला ०.९ अँपिअर, दहा-बारा तास. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालणाऱ्याकडे तर देऊच नका.

आणि नवीच घ्यायची ठरली तर दुकानात पैसे देण्याआधी मीटर लावा. आधीच भरून आलेली सीलबंद बॅटरी १२.५ च्या खाली दिसली, तर ती कपाटात पडून राहिलेली आहे. दुसरी मागा.