पाळक पाहिजे : नॉरफोकमधला एक रविवार

लंडनबद्दल काही लिहीत नाही. चार दिवस होतो, सगळे बघतात ते सगळं बघितलं, पाय सुजले, झालं. खरं लिहायचंय ते त्याच्या पुढच्या रविवारबद्दल, कारण परत येऊन दोन महिने झाले तरी तो डोक्यातून जात नाहीये.

माझा भाचा नॉरिचला शिकतो, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातलं ते शहर. त्याच्याकडे आठवडाभर राहिले. तिथलं कॅथेड्रल खूप सुंदर आहे, पण मला गावातली चर्चेस बघायची होती. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, माझे वडील आमच्या गावच्या चर्चचे पंच होते, आणि लहानपणापासून ऐकलेलं की आपल्या उपासनेची अर्धी पद्धत इंग्लंडच्या खेड्यांतून आलीय. (आमचं चर्च आता सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात इंग्लंडवाल्या अँग्लिकन मंडळीचाही भाग होता, म्हणजे नातं आहेच.) भाचा म्हणाला, मावशी, नॉरफोकमध्ये जुनी चर्चेस साडेसहाशेच्या वर आहेत, तू कुठली कुठली बघणार? मी म्हटलं, जिथे रविवारी उपासना असेल तिथे ने.

शनिवारी सॉलचं चर्च बघितलं. स्पेलिंग वाचलं तर सॅल म्हणावंसं वाटतं पण म्हणतात सॉल. तिथे सगळं असंच आहे, लिहितात वायमंडहॅम म्हणतात विंडम, लिहितात हॅपिसबर्ग म्हणतात हेजबरा, मी तर गावाचं नाव उच्चारायच्या आधी भाच्याकडे बघायचे. तर सॉल. आजूबाजूला शेतं, मोजकी घरं आणि मधे एवढं प्रचंड चर्च की आपल्याकडे तालुक्याच्या गावालाही मोठं पडेल. पंधराव्या शतकात लोकरीच्या धंद्यात पैसा आला आणि लोकांनी तो देवाच्या घरात ओतला. अ‍ॅन बोलिनच्या (आठव्या हेन्रीची राणी) पणजोबांचे आईवडील तिथे पुरलेत. तिथून जवळच कॉस्टनचं चर्च, त्याच्या लाकडी छताला पंख पसरलेले देवदूत आहेत, मान दुखेपर्यंत बघत बसले.

आता रविवार. गावाचं नाव देत नाही, खूप लहान गाव आहे, कोणाबद्दल लिहिलंय ते लगेच कळेल. रविवारी त्या बाजूला बसच नाही. भाच्याचा पेपर होता म्हणून टॅक्सीने गेले, अडतीस पौंड झाले, आणि खरं सांगते रस्ताभर मीटरकडे बघून जीव जळत होता. मग चर्चच्या फाटकाशी उतरले. भिंती गारगोटीच्या, मनोरा गोल. असे गोल मनोरे नॉरफोकमध्ये सव्वाशेच्या आसपास आहेत, इंग्लंडमध्ये इतरत्र फार कमी. गवतात थडगी, काही कलंडलेली. दारावर एक कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिनांनी लावलेला. त्यात लिहिलेलं की आपल्याकडे सध्या व्हिकर (गावचा पाळक, म्हणजे धर्मगुरू) नाही, बाप्तिस्मा, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर चर्चवॉर्डनशी (चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याशी) बोला. खाली फोन नंबर, आणि तो पावसाने पुसट झालेला बघून कोणीतरी पेनाने परत गिरवलेला.

आत अकरा माणसं, मला धरून. मी सोडून सगळ्यात तरुण बाई असेल साठीची. समोर उभ्या होत्या त्या वॉर्डनबाई, वय ऐंशीच्या जवळ, अंगात स्वेटर, पायात शेतात घालतात तसे बूट. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) नव्हतं, कारण ते पाळकाशिवाय होत नाही. महिन्यातून एकदा एक निवृत्त पाळक गाडी चालवत येतात तेव्हा होतं. बाकी रविवारी गावातलेच लोक सकाळची प्रार्थना घेतात. ऑर्गन आहे पण वाजवणारे वारले, म्हणून एक छोटं यंत्र ठेवलंय, बटण दाबलं की स्तोत्राची चाल लागते. वॉर्डनबाईंनी बटण दाबलं, यंत्राने भलतंच स्तोत्र लावलं, त्यांनी शांतपणे बंद केलं, चष्मा वर केला, परत दाबलं. कोणी हसलं नाही, सगळे पुस्तक उघडून उभे. आणि मग ती अकरा माणसं एवढ्या मोठ्या दगडी जागेत गायला लागली ना, मला एकदम आमचं पत्र्याचं चर्च आठवलं, पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि आम्ही ना. वा. टिळकांची भजनं त्याच्यावर आवाज चढवून म्हणायचो.

वेदीवर पांढरा कपडा होता आणि त्याच्यावर आणखी एक प्लॅस्टिक. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून. नाही, वटवाघळं आहेत. कायद्याने त्यांना हाकलता येत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी आठला येऊन कोणीतरी रात्रीची घाण पुसतं, प्लॅस्टिक काढतं आणि उपासना झाली की परत घालतं. त्या दिवशी काढायला विसरले होते, उपासना सुरू झाल्यावर लक्षात आलं, मग तसंच राहू दिलं.

संपल्यावर मागच्या बाकाजवळ चहा आणि घरी केलेला केक. आदरातिथ्याच्या बाबतीत माझं मत एकदम स्पष्ट आहे, लंडनमध्ये चार दिवसांत मला कोणी नाव विचारलं नाही, इथे दहा मिनिटांत तिघांनी विचारलं आणि एकाने लिहूनही घेतलं. चहाच्या टेबलावर एक बिस्किटाचा जुना डबा होता, झाकणाला चीर पाडलेली, बाजूला कागदाचे चौकोनी तुकडे आणि पेन्सिल. वॉर्डनबाई म्हणाल्या, "तुम्हीपण लिहा. नवीन व्हिकर कसा हवा?"

मी म्हटलं, अहो मी पाहुणी, आज आले, उद्या जाईन. तर म्हणाल्या, "आज उपासनेला होतात ना? मग लिहा."

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण मला हे सगळं नवीन होतं. आमच्याकडे पाळकसाहेबांची बदली वरून होते. पत्र येतं, मंडळी रडते, ट्रक येतो, नवे पाळक दुसऱ्या ट्रकमधून उतरतात. तिथे तसं नाही. जुना पाळक गेला की मधल्या काळाला इंटररेग्नम म्हणतात, म्हणजे एक राजा गेला आणि दुसरा यायचाय तसा काळ, आणि त्या काळात चर्चचा कारभार वॉर्डन आणि त्या भागाचे डीन (आजूबाजूच्या चर्चेसवर देखरेख करणारे वरिष्ठ पाळक) यांच्या अंगावर पडतो. मग गावाने स्वतःबद्दल एक पुस्तिका लिहायची, आम्ही कोण, आमची चर्चेस किती, घर कसं मिळेल, आम्हाला कसा माणूस हवा. ती जाहिरातीबरोबर जाते. निवडीचा हक्क कोणाचा हे तर अजून अजब, कुठे बिशपचा, कुठे केंब्रिजच्या कॉलेजचा, कुठे जुन्या जमीनदार घराण्याचा, मध्ययुगापासून चालत आलेला. पण 1986 च्या कायद्याने गावचे प्रतिनिधी असतात आणि ते नको म्हणाले तर आर्चबिशपच्या परवानगीशिवाय त्या माणसाला गावावर लादता येत नाही. हे मला फार आवडलं. मात्र हे सगळं एका चर्चसाठी नाही. इथे आठ गावांची आठ चर्चेस मिळून एक व्हिकर मागतायत. आधी प्रत्येक गावाला स्वतःचा होता. गावात एक देखणं मोठं घर आहे, फाटकावर 'द ओल्ड रेक्टरी' अशी पाटी, पाळकाचं जुनं घर ते, कधीच विकलं गेलं. शेजारच्या दोन गावांतही तेच नाव, तीच गोष्ट. तीन रेक्टरी, आणि रेक्टर एकाही गावात नाही.

भिंतीवर लाकडी फळा होता, सगळ्या पाळकांची नावं सालासकट. पहिलं नाव 1300 च्या पुढचं. 1349 समोर दोन नावं, एकाच सालात. प्लेगचं साल. एक गेला, दुसरा आला, तोही गेला. त्या फळ्यावरचं शेवटचं नाव एका बाईचं आहे. इंग्लंडच्या चर्चने बायकांना पाळक म्हणून पहिल्यांदा दीक्षा दिली 1994 ला, म्हणजे सातशे वर्षांच्या फळ्यात त्यांची जागा अगदी तळाशी. त्या निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते. त्यांच्या नावाखाली एक ओळ मावेल एवढी जागा उरलीय, मी बोटाने मोजून बघितलं, फार तर दोन ओळी. वॉर्डनबाईंना विचारलं, मग पुढे? म्हणाल्या, सुताराला सांगून ठेवलंय.

मी पेन्सिल घेऊन बसले आणि खरंच काही सुचेना. त्यांनी आधी आलेल्या चिठ्ठ्यांची यादी वहीत उतरवलेली, ती दाखवली. मी तिथल्या चर्चेसच्या अशा जाहिराती मागाहून ऑनलाइन वाचल्यात, सगळ्यांना उत्साही माणूस हवा, तरुणांना जोडणारा, दूरदृष्टीचा, सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारा, संगणक येणारा, आणि मला त्या वाचताना राग येतो, कारण एवढे सगळे गुण असलेला माणूस आठ गावांत अकरा-अकरा माणसांपुढे उभा राहून दमून जाईल. पण वहीतलं वेगळं होतं. 'माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, मोठ्याने बोलणारा.' 'कुत्र्यांची भीती नसलेला.' 'दफनाच्या वेळी घाई न करणारा.' एका लहान मुलाच्या अक्षरात 'फुटबॉल.' आणि एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत पंधरावीस वेळा, घरी येणारा, घरी येणारी, दार वाजवणारा, चहाला थांबणारा.

मला आमचे पाळकसाहेब आठवले. सात वाड्या होत्या त्यांच्याकडे, सायकलवर फिरायचे, हँडलला पिशवी, पिशवीत बायबल आणि प्रभुभोजनाचा प्याला फडक्यात गुंडाळलेला. माझी आई आजारी होती त्या वर्षी ते दर बुधवारी यायचे. प्रार्थना पाच मिनिटांची, बाकी वेळ ओट्यावर बसून वडिलांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलायचे. आई आतून ऐकायची. ती गेली त्याच्या दुसऱ्या बुधवारीही आले, बसले, आणि त्या दिवशी कांद्याबद्दलही बोलले नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांची. धर्माबद्दल पुढे मी बरंच काही ऐकलंय, वाचलंय, पण मला पाळक म्हणजे काय हे त्या बुधवारी कळलं.

मी मराठीतच लिहिलं, 'काम नसतानाही घरी येणारा.' वॉर्डनबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं, मग अर्थ विचारला, मी इंग्रजीत सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. वहीत उतरवताना त्यांचा हात थोडा थरथरत होता, तो वयाने असेल.

मग वॉर्डनबाईंनी मला घंटेचा दोर दाखवला. मनोऱ्याच्या तळाशी लोंबतो, मधे लाल-पांढऱ्या-निळ्या लोकरीचं जाड वेष्टण, हात घसरू नये म्हणून. आठ शतकांचे दगड आणि मधे ती रंगीत लोकर, लग्नाच्या बैलाच्या शिंगाला गोंडा बांधतात तशी. नवीन पाळक रुजू होतो त्या दिवशी त्याचा हात चर्चच्या दारावर ठेवतात, मग तो स्वतः घंटा वाजवतो, आणि लोक बाहेर उभं राहून टोल मोजतात, जेवढे टोल तेवढी वर्षं राहणार असं मानतात. मागच्या बाईंनी किती दिले? "सात. पण अकरा वर्षं राहिल्या," असं म्हणताना त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसा.

टॅक्सी मिळेना. वॉर्डनबाईच मला नॉरिचला सोडायला निघाल्या, ऐंशीच्या बाई, तीस किलोमीटर, नाही म्हटलं तरी ऐकेनात. गाडीच्या मागच्या सीटवर गवत कापायच्या यंत्राचा पेट्रोलचा कॅन, मेणबत्त्यांचं खोकं, फुलांची बादली, कापणीच्या सणासाठी गोळा केलेले भोपळे. वाटेत शेजारच्या गावच्या चर्चशी गाडी थांबवली. तिथले वॉर्डन दवाखान्यात आहेत, म्हणून तेही कुलूप यांच्याकडे. वीतभर लोखंडी किल्ली, तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला. परत येऊन ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, धरा जरा, ड्रॉवरमध्ये मावत नाही. नॉरिचपर्यंत ती किल्ली मी धरून बसले होते, चांगली जड होती.

भारतात आल्यावर त्यांचा मेल आला. जाहिरातीची मुदत संपली, एकही अर्ज नाही. वसंतात परत देणार. बाकी भोपळे चांगले झाले, एकोणीस लोक आले होते.

आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये प्रार्थना-विनंतीची पेटी आहे. मी त्यात चिठ्ठी टाकली, गावाचं नाव लिहिलं, त्या आठ मंडळ्यांना पाळक मिळावा म्हणून. शनिवारी रात्री साडेनऊला पाळकसाहेबांचा फोन. मला वाटलं काय झालं. म्हणाले, "ताई, उद्या प्रार्थनेत नाव घ्यायचंय, ते गावाचं नाव वाचतात कसं? चुकीचं नको जायला."

मी सांगितलं. त्यांनी फोनवरच तीन वेळा म्हणून घेतलं.