भिंतीवरचा अठरा नंबरचा बिल्ला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणवेशाची ऑर्डर द्यायला येणारे बरेच जण भिंतीकडे बघून विचारतात, "तुमच्या घरातलं कुणी एअर फोर्समध्ये होतं का?" कुणीच नव्हतं. आजोबा चादरीच्या मागावर, वडील पॉवरलूमवर आणि मी इथे सोलापुरात शाळांच्या शर्टांवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करतो.

हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका एकदा विटलेला बिल्ला घेऊन आले. स्नेहमेळाव्यासाठी तसेच वीस हवे होते. १८ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, नाव 'फ्लाइंग बुलेट्स', ब्रीद 'तीव्र और निर्भय'. अक्षरं इतकी बारीक, की 'निर्भय'चा रफार वेलांटीला चिकटून दोऱ्याचा नुसता गोळा व्हायचा. तीन नमुने बाद झाले. "काका, रफार नसला तर चालेल का?" असं मी विचारलं, तेव्हा ते स्टूल ओढून बसले आणि सांगू लागले.

१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं आली. १९४८च्या करारामुळे तिथे एरवी लढाऊ विमानं ठेवत नसत, त्यामुळे १८ नंबरची नॅट विमानं युद्ध पेटल्यावरच तिथे पोचलेली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों २६ वर्षांचे. ना तो डोंगराळ मुलूख ओळखीचा, ना तिथली थंडी अंगवळणी पडलेली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी विमान वर काढलं. नॅट ते केवढं! पंखांचा पसारा सात मीटरसुद्धा नाही, माझं हे दुकान त्याहून लांब आहे. दोन सेबरना त्यांनी टिपलं. उरलेल्यांनी घेरलं, नॅट कोसळलं, सेखों गेले. पण हल्ला अर्धवट टाकून सेबर परत फिरली. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र ते त्यांचं.

लोक नॅट भारी की सेबर, यावर वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. वर सहा विमानं दिसत असताना हा माणूस धावपट्टीवरून निघाला, माझं मन तिथेच अडकतं.

पुढे या स्क्वाड्रनकडे मिग-२७ विमानं आली, तीही गेल्यावर स्क्वाड्रन काही वर्षं बंद होती. २७ मे २०२०ला तमिळनाडूत सुलूरला ती तेजस विमानांवर पुन्हा उभी राहिली. नंबर तोच, ब्रीद तेच. काकांचा त्या दिवशी फोन आला. बोलणं फार झालं नाही, त्यांचा गळा दाटून आला होता.

चौथ्या नमुन्याला मी बारीक सुई लावली, आधी सगळी अक्षरं शिवून घेतली आणि रफार शेवटी वेगळा काढला. भिंतीवर आहे तो हाच. बोट फिरवून बघा, रफार हाताला लागतो.