तुम्ही विचारलंत म्हणून: "बाई, कुठलं ॲप वापरलंत?"

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली सराव पाठांना येतात तेव्हा विचारतात. दुसऱ्या चर्चच्या शाळा समितीतली माणसं नाताळात भेटली की विचारतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत मिरजेकडच्या एका मुख्याध्यापकांनीही तेच विचारलं, "बाई, लॉकडाऊनमध्ये शाळा एवढी बंद होती, तरी तुमची मुलं, पालक, चर्चची माणसं एकत्र कशी राहिली? कुठलं ॲप वापरलंत?" मी सांगते, साधं व्हॉट्सॲप आणि एक दोनशे पानी वही. समोरच्याचा चेहरा उतरतो. त्यामुळे एकदा सविस्तर लिहितेच.

आमची शाळा कोल्हापुरातली, चर्चच्या आवारातली. मराठी माध्यम, अनुदानित, पहिली ते चौथी. जुनी माणसं अजून 'मिशनची शाळा'च म्हणतात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे मिशनच्या शाळांची परंपरा आहे. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. हा इतिहास आम्ही २६ जूनला, शाहू जयंतीला, भाषणात सांगतो. रोजच्या शाळेत मात्र बसतात ती उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, चप्पल शिवणाऱ्यांची, दवाखान्यात आया आणि वॉर्डबॉय असणाऱ्यांची मुलं. ख्रिस्ती मुलं थोडी, बाकी सगळ्या जातिधर्मांची. म्हणजे 'चर्चच्या शाळेचं कुटुंब' म्हणताना त्यातली बरीच माणसं रविवारी चर्चला येणारी नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये वर्ष सुरू झालं ते कागदावर. वरून लिंका येऊ लागल्या, सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप आलं, जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा मुलांच्या अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला. तो चांगला होता, मी स्वतः बघायचे. पण आमच्याकडे घरात मोबाईल असणं आणि मुलाच्या हातात मोबाईल असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मोबाईल बापाचा. फौंड्री सुरू झाल्या तसा तो सकाळी शिरोलीला जायचा आणि रात्री घरी यायचा. घरात तीन भावंडं, त्यातला मोठा दहावीत, म्हणजे पहिला मान त्याचा. सकाळी अकराचा लाइव्ह तास कुणासाठी घ्यायचा? काही शाळांनी घेतले. चौकोनात आठ-दहा मुलं दिसायची, त्यांचे फोटो पेपरला द्यायचे. जी चौकोनात नाहीत त्यांचं काय, हे त्या फोटोत दिसत नाही. आम्ही लाइव्ह तास घ्यायचे नाहीत असं ठरवलं. यावर माझं मत आजही तेच आहे.

आता वहीबद्दल. ती लॉकडाऊनची नाहीच, २०१९ च्या महापुरातली आहे. त्या ऑगस्टमध्ये सुतारवाडा, शाहूपुरीकडची घरं पाण्यात गेली, माणसं कुठे कुठे गेली, मोबाईल भिजले. हजेरीपटावरच्या नंबराला फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. तेव्हा आमच्या चौथीच्या बाईंनी एक रकाना वाढवला: शेजारचा नंबर. शेजारी म्हणजे कुणीही. किराणा दुकानदार, घरमालकीण, गावाकडचा मामा. प्रत्येक मुलामागे दोन तरी नंबर, आणि त्यातला एक घराबाहेरचा. लॉकडाऊन लागल्यावर कितीतरी कुटुंबं गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडे गावी गेली, काही सीमेपलीकडे कर्नाटकात. त्या रकान्याने ती सापडली. एका मुलाचा निरोप तर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यामार्फत जायचा. दळण न्यायला आई आली की तो सांगायचा, "बाईंनी फोन करायला सांगितलाय."

आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी फोन, असं आम्ही शिक्षकांत वाटून घेतलं. अभ्यास झाला का, हा पहिला प्रश्न विचारायचा नाही, एवढाच नियम. जेवलास का, आजी कशी आहे, शेळी व्याली का, मग अभ्यास. आणि फोन मुलाशी, आईशी नंतर. "बाई, पोरगं लाजतंय, बोलंना झालंय," असं आया म्हणायच्या. बोलू दे न बोलू दे, त्याच्या कानाला फोन लावा म्हणायचं. वहीत त्या तारखेला हजेरीची खूण. मला विचाराल तर शाळा टिकली ती या खुणांवर. पाठ्यपुस्तक कितपत पुढे गेलं ते मागाहून लिहितेच.

दुसरी गोष्ट परिपाठ. आमचा शिपाई आवारातच राहायचा. साडेदहाला तो नेहमीसारखी घंटा द्यायचा, मी मोबाईल धरून उभी. घंटा, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, एक छोटी गोष्ट. सगळं आवाजात, पाच मिनिटांच्या आत. व्हिडिओ नाही. व्हिडिओ उघडायला नेट लागतं आणि पालकांचा रिचार्ज रोजच्या दीड जीबीचा, त्यात मोठ्या पोराचे तास. आवाजाचा निरोप रात्री आठला बाप घरी आल्यावरही एका झटक्यात उघडतो. साध्या फोनवाल्यांना शेजारी ऐकवायचे. काही मुलं घंटा ऐकून खाटेवरून उतरून उभी राहायची म्हणे. पुढे मुलांकडूनच गोष्टी मागवल्या. मागे कोंबडा, कुकरची शिट्टी, आजीचं "मोठ्यानं बोल की रं" हे सगळं तसंच ठेवलं. तेच लोक जास्त ऐकायचे.

ग्रुपबद्दल शाळाचालक फार बारकाईने विचारतात. बहुतेक ठिकाणी ग्रुपला कुलूप होतं, फक्त ॲडमिनने लिहायचं. आम्ही दिवसभर बंद ठेवायचो आणि संध्याकाळी तासभर उघडायचो. पहिले काही आठवडे काढे, कापूर आणि थाळ्यांचे फॉरवर्ड आले. फॉरवर्ड चालणार नाही, स्वतःच्या घरातलं काहीही चालेल, असं सांगितलं. मग काय, कुणी चुलीवरच्या भाकरीचा फोटो टाकतोय, कुणी पोराने केस कापून घेतले त्याचा. कुणाचा केसांचा कारागीर बाप स्वतःच्या तीन पोरांवर हात चालवून दाखवतोय! ज्या बाया शाळेच्या गेटवर एकमेकींना नुसत्या ओळखीने हसायच्या, त्या एकमेकींच्या पोरांना नावाने विचारू लागल्या. ब्रॉडकास्ट लिस्टच्या, म्हणजे ग्रुप न करता एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या भानगडीत पडू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप पोहोचतच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना गेला.

तांदळाचा दिवस हा आमचा खरा पालक मेळावा होता. शाळा बंद म्हणून पोषण आहार शिजवून देता येत नव्हता, त्याचा कोरडा शिधा पालकांना वाटायचा होता. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्या हिशेबाने साठलेले दिवस, सोबत डाळ-कडधान्य. आवारात चुन्याचे गोल आखले, चर्चमधली तरुण मुलं मापाला आणि रांगेला उभी राहिली. प्रत्येक पिशवीबरोबर मुलाची स्वाध्यायाची पानं आणि मागच्या वेळच्या तपासलेल्या वह्या. कुणाच्या वहीत बाईंनी काय शेरा दिलाय ते आया रांगेतच वाचायच्या. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्या पिशव्या चर्चच्या महिला मंडळाच्या बायकांनी जाता जाता पोचवल्या.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. चर्चची शाळा म्हटल्यावर प्रार्थना आलीच. २०२१ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात आजार असा पसरला की रोज कुणाच्या तरी घरून निरोप. ग्रुपवर नावं घ्यायची का? धर्म मध्ये येईल का? पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंशी बोलून असं ठरवलं की कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर त्या घराने आपणहून कळवायचं, ग्रुपवर आजाराचं नाव लिहायचं नाही, आणि प्रार्थनेत सगळ्यांना म्हणता येतील असेच शब्द. मला वाटलं होतं ख्रिस्ती घरंच कळवतील. झालं उलटं. एका आईने फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या येशूला सांगा. आमच्या जोतिबाला मी सांगतोय." तिचे सासरे बरे होऊन आले. काही घरांतली माणसं आली नाहीत. तिसरीतल्या एका मुलाचे वडील गेले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी त्याला काय बोलायचं हे आम्हालाही उमजत नव्हतं. वर्गशिक्षिकेने मुलांना एवढंच सांगितलं, त्याला रोज एकाने फोन करायचा आणि नेहमीचंच बोलायचं. क्रिकेट, पबजी, काहीही. तो बोलत गेला.

नाताळाला दरवर्षी आवारात संमेलन असतं, गव्हाणीचा देखावा, मेंढपाळ झालेली अर्धी चौथी. २०२० साली गर्दी करायची सोय नव्हती. आम्ही मुलांना सांगितलं, घरच्या घरी चांदणी करा आणि दाराला लावा. वर्तमानपत्र, पतंगाचा कागद, खराट्याच्या काड्या, जे असेल त्याची. कितीतरी घरांत दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नव्हता. पोरांनी त्यालाच पाच टोकं चिकटवली. पाळकसाहेब आणि आम्ही दोघी-तिघी स्कूटरवरून चांदण्या बघत फिरलो, दारातूनच हात केला. राजारामपुरीत एका घरी चांदणीखाली तुळशीचं वृंदावन आणि वर शिवाजी महाराजांचा फोटो. पाळकसाहेबांनी त्या चांदणीचा फोटो नाताळच्या उपासनेत, जी मोबाईलवरच झाली, सगळ्यांना दाखवला.

आणि मग जुलै २०२१. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५० च्या वर गेलं. हायवे बंद, शहराचा पाणीपुरवठा बंद, त्यात कोरोनाचे निर्बंध. तेव्हा वही उघडली आणि शिक्षकांनी फोन वाटून घेतले. त्याच रात्री प्रत्येक मूल कुठे आहे ते कळलं. कोण स्थलांतर केंद्रात, कोण मावशीकडे कळंब्याला. ज्यांची पुस्तकं भिजली त्यांना ज्यांच्याकडे जुनी होती त्यांनी दिली, आम्ही सांगण्याआधीच. ग्रुप नुसता संध्याकाळी तासभर नाही तर दिवसभर उघडा ठेवला तो तेवढ्याच दिवसांत.

अभ्यासाचं विचाराल तर खोटं बोलणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लहान वर्ग भरले, जानेवारीत पुन्हा थोडे दिवस बंद पडले, आणि नीट बसून पाहिलं तेव्हा दुसरीतल्या बऱ्याच मुलांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तिसरीला हातच्याची वजाबाकी नव्हती. पेन्सिल धरायची सवय मोडली होती. ते भरून काढायला पुढची दोन वर्षं गेली, आणि फोनवरच्या गप्पांनी त्यातलं काही वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण पटावरची मुलं परत आली. कुणी चहाच्या गाड्यावर लागलेलं नव्हतं, कुणाचं नाव कमी करावं लागलं नाही. दुसरीतली मुलं तर शाळेची पायरी पहिल्यांदाच चढत होती, तरी कोणती बाई कुठली हे आवाजावरून ओळखत होती.

वही चालू आहे. दर जूनमध्ये दोन्ही नंबर लावून बघायचे आणि मगच लिहायचे, नुसते विचारून नाहीत. संध्याकाळी तासभर ग्रुप आजही उघडतो, त्यात हल्ली गुड मॉर्निंगची फुलंच फार, तीही रात्री. पोरं हायस्कूलला गेली तरी काही पालक बाहेर पडायला तयार नाहीत. एकाला काढलं तर त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं?" परत घ्यावं लागलं.