जुन्या भिंतीला नवी भिंत जुळवताना: वीट मिळाली, दरज जुळेना

जुन्या घराला खोली वाढवायची आहे, बाहेरून गिलावा करायचा नाही आणि विटा उघड्याच ठेवायच्या आहेत, अशा लोकांसाठी हे लिहितेय. आमची खोली बांधून झाली, चांगली झाली, पण एका गोष्टीचा राग अजून डोक्यात आहे. ज्याला विचारलं तो प्रत्येक जण माझ्याशी फक्त विटेबद्दल बोलला. "वीट मिळाली की सुटलात!" वीट मिळाली, आणि काम अडकलं ते दरजांवर, म्हणजे दोन विटांमधल्या मालावर (सिमेंट किंवा चुना आणि वाळू कालवून करतात तो). त्याबद्दल आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

परवानगी, नकाशा, पाया हे सगळं सरळ पार पडलं. तिथली सांगण्यासारखी गोष्ट एकच. जोत्याची उंची ठरण्याआधी जुन्या भिंतीचे थर मोजून इंजिनिअरांना दाखवा. नव्या भिंतीचा थर जुन्या थराच्या रेषेत यायला हवा, आणि जोतं तयार झाल्यावर दोन सेंटिमीटरचा फरक लपवायला जागाच उरत नाही.

विटेचंही थोडक्यात सांगते. एक वीट मोजू नका. भट्टीत माती आकसते, प्रत्येक वीट थोडी वेगळी आकसते. दहा थरांची उंची दरजांसकट मोजा, दहा विटांची लांबी दरजांसकट मोजा आणि दहाने भागा. मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर असते, जुन्या पद्धतीची २३० × ११० × ७०, ब्रिटिश मेट्रिक वीट २१५ × १०२.५ × ६५, आणि त्याआधीच्या इंचातल्या विटा आणखी वेगळ्या. "जवळपास तेवढीच आहे" असं विक्रेता म्हणाला तर हिशेब मांडा. थरामागे ३ मिलिमीटरचा फरक म्हणजे वीस थरांत ६ सेंटिमीटर, आणि तो फरक नेमका खिडकीच्या वरच्या रेषेत उघडा पडतो. दरज जाड करून तो भरून काढता येतो, पण १० मिलिमीटरच्या शेजारी १३ मिलिमीटरची दरज डोळ्यांना लगेच कळते.

रंगासाठी विक्रेत्याकडे जाताना जुन्या भिंतीतली सगळ्यात गडद, सगळ्यात फिकी आणि मधल्या दोन-तीन विटा घेऊन जा. विटेचा लाल रंग मातीतल्या लोहामुळे येतो, मातीत चुना जास्त असेल तर वीट पिवळट निघते, आणि भट्टीत ती कुठल्या जागी होती यावरही छटा बदलते. त्यामुळे जुन्या घराचा "एक रंग" असा नसतोच, छटांचं मिश्रण असतं. आम्हाला दोन प्रकारच्या विटा मिसळाव्या लागल्या. त्या आल्यावर एकेक गठ्ठा संपवत बांधू देऊ नका. तीन-चार गठ्ठे एकदम फोडून सगळ्यांतून थोड्या थोड्या विटा घ्यायला लावा, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

आता दरजांकडे येते.

बांधकाम सुरू करण्याआधी नमुन्याची छोटी भिंत बांधून दाखवा, असं मी कंत्राटदाराला सांगितलं. साधारण मीटरभर रुंद, मीटरभर उंच, जुन्या भिंतीला लागून आणि तिच्याच दिशेला तोंड करून, म्हणजे ऊन दोघींवर सारखं पडेल. त्याला हे पटलं नाही. माझ्या आग्रहाखातर बांधली. संध्याकाळी माल ओला होता, गडद दिसत होता, आणि जुन्या भिंतीशी खरोखर जुळत होता. "बघा ताई, ओळखू येतंय का? उद्यापासून लागतो कामाला." मी नाही म्हटलं. माल वाळल्यावर बघू.

वाळल्यावर दरजा फिक्या राखाडी झाल्या, गुळगुळीत आणि सपाट. विटा जुळत होत्या, तरी भिंत परक्या घराची वाटत होती. तेव्हा मी हिशेब केला. २३० × ७० ची विटेची दर्शनी बाजू आणि भोवती १० मिलिमीटरची दरज धरली तर भिंतीचा साधारण सहावा भाग नुसता माल असतो. अंगणातून बघताना डोळा वीट आणि माल यांचा मिळून एकच रंग बघतो. सहावा भाग चुकला की सगळी भिंत चुकते. सगळे फक्त विटेबद्दल बोलतात याचा राग मला का येतो, ते यावरून कळेल.

कंत्राटदाराचं उत्तर तयार होतं: रंग टाकू. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग मालात मिसळता येतात, ते टिकतातही. पण सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, माल कमजोर होतो. काळ्या कार्बनच्या रंगाला तर त्याहून खूपच कमी मर्यादा आहे. आणि रंग प्रत्येक घाण्याला वजन करून टाकावा लागतो, अंदाजाने चिमूटभर टाकून नाही. पहिला नमुना तपकिरी झाला, पुढचा गुलाबीकडे झुकला, त्यानंतरचा मेलेला वाटला. प्रत्येक वेळी वाळेपर्यंत थांबायचं. सिमेंटच्या मालाचा रंग सुरुवातीचे काही आठवडे उजळत जातो, दुसऱ्या दिवशी दिसतो तो रंग खोटा असतो. हे मी सांगत होते आणि तिकडून रोज फोन येत होता: गवंडी रिकामे बसलेत, दुसऱ्या साइटवर पाठवतो, मग माझ्या नावाने बोलू नका. या थांबण्याने माझी झोप उडाली. माझ्यामुळे काम रखडतंय असं ऐकत राहणं फार जड गेलं. पण भिंत एकदाच बांधली जाते. मी हटले नाही आणि त्याचं मला आजही बरं वाटतं.

तोडगा शेवटी जुन्या भिंतीतच मिळाला. नव्या खोलीत जायला दार काढायचं होतं, त्यासाठी फोडलेल्या भागातला जुना माल मी गोळा केला. नखाने खरवडला की भुगा होत होता, आणि व्हिनेगर टाकलं की फसफसत होता, म्हणजे चुन्याचा माल. मग इंजिनिअरांच्या सांगण्यावरून तो माल हलक्या हाताने कुटून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. हे मोकळ्या हवेत करा, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. चुना विरघळून जातो आणि तळाशी वाळू उरते. वाळू चुनखडीची असेल तर तीही विरघळते, तेव्हा उपयोग नाही. आमच्याकडे उरली ती जाडीभरडी, पिवळसर तपकिरी वाळू, मधे काही काळे खडे. साइटवर जी वाळू वापरली जात होती ती बारीक आणि राखाडी होती. इतके दिवस आम्ही चुकीच्या वाळूवर रंग चढवत होतो.

दुसरी गोष्ट भिंग घेऊन बघितल्यावर कळली. जुन्या दरजांचा वरचा चुना ऊन-पावसाने झडून गेलाय आणि वाळूचे कण उघडे पडलेत. नव्या दरजेवर सिमेंटचा पातळ थर असतो, तो वाळूचा रंग झाकतो. म्हणजे वाळू बरोबर असली तरी ती दिसायला हवी. त्यासाठी माल अर्धवट घट्ट झाला की कडक ब्रशने हलकेच ठोकायचा किंवा ओलसर स्पंजने टिपायचा, वरचा थर निघतो आणि कण दिसू लागतात.

तिसरी गोष्ट आकाराची. गवंड्याच्या हाताला सळईने अर्धगोल खाच काढायची सवय होती. आमच्या जुन्या दरजा विटेच्या जवळजवळ पातळीत, कडांना झिजलेल्या. खाचेत सावली पडते आणि तोच माल गडद दिसतो. दरज कधी घासायची, म्हणजे दाबून तिला आकार कधी द्यायचा, याचंही भान हवं. अंगठा दाबला की ठसा उमटेल पण माल अंगठ्याला चिकटणार नाही, ती वेळ. उशिरा घासलेली दरज काळपट येते, आणि एकाच भिंतीत सकाळचा भाग वेगळा, दुपारचा वेगळा दिसतो.

पिवळसर जाडी वाळू शोधून आणली. राखाडी सिमेंटऐवजी पांढरं सिमेंट वापरलं, म्हणजे वाळूचा रंग मारला जात नाही. प्रमाण १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू. तुमच्याकडे भिंतीवर किती भार आहे हे बघून इंजिनिअरच ते ठरवतील. रंग जवळजवळ लागलाच नाही. नमुना वाळला आणि गवंडी स्वतःच म्हणाले, "ताई, आता जमलं." पुढचं काम भराभर झालं. त्या गवंड्यांना ब्रश मारायला एकदा दाखवावं लागलं, नंतर ते माझ्याहून बारकाईने करत होते.

मधेच आठवलं म्हणून: दारासाठी फोडलेल्या भिंतीतल्या विटा फेकू देऊ नका. चुन्याचा माल सहज निघतो. त्या आम्ही जुन्या-नव्याच्या सांध्याजवळ जास्त आणि पुढे कमी कमी अशा पेरल्या. फक्त भिंतीच्या आतल्या बाजूच्या विटा बाहेर लावण्याआधी वाजवून बघा. आत पूर्वी कमी भाजलेल्या मऊ विटाही वापरत, त्या पावसात झडतात. चांगल्या विटेचा आवाज खणखणीत येतो.

रंग जुळवण्याआधी जुन्या भिंतीचा एक तुकडा पाणी आणि ब्रशने धुऊन घ्या. तुम्हाला विटेशी जुळवायचंय, धुळीशी नाही. पण जुनी भिंत वाळूच्या फवाऱ्याने घासू देऊ नका, भाजलेली वरची कडक कातडी निघून जाते. आणि जुन्या मऊ विटांच्या दरजा दुरुस्त करायच्या असतील तर तिथे कडक सिमेंट भरू नका. ओल दरजेऐवजी विटेतून बाहेर पडू लागते आणि विटांच्या कडा फुटतात.

बांधून झाल्यावर नव्या भिंतीवर पांढरे क्षार आले. नातेवाईक म्हणाले, आता रंगच मारा. क्षार आहेत तोवर रंगाचा निवाडा करू नका. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलं तर ते विरघळून पुन्हा आत शिरतात. काही काळाने ते कमी झाले.

सांध्याचं राहिलंच. जुन्या भिंतीत खाचा काढून नव्या विटा गुंफाव्यात, असं कंत्राटदाराचं मत होतं. इंजिनिअरांनी नकार दिला: जुना पाया बसून गेलाय, नवा अजून बसणार, शिवाय भट्टीतून आलेली वीट हवेतली ओल घेऊन सुरुवातीच्या काळात किंचित वाढते. गुंफलेल्या सांध्यात भेग जाते. म्हणून उभा मोकळा सांधा सोडला, आत सरकू शकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि बाहेरून लवचीक भरण. नवी भिंत अर्धी वीट मागे घेतली, त्यामुळे सांधा सावलीत गेला. त्या भरणाचा रंग निवडतानाही दुकानातल्या तक्त्यावर विसंबू नका. आम्ही भरण ओलं असतानाच त्यावर तीच पिवळसर वाळू दाबून बसवली. ती वाळू एक पोतं जास्त घेऊन ठेवा आणि पोत्यात प्रमाणाची चिठ्ठी टाका. पुढे कधी नळासाठी भिंत फोडावी लागली तर पुन्हा नमुने वाळत बसायला नको.